आधी वहिनीच्या डोक्याला

फौजदारबाईंचा पोलीस खात्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यांचं केसांचं पार्लर होतं, दोन खुर्च्यांचं, रस्त्याला लागून, आणि वरच्या मजल्यावर भावाचं बिऱ्हाड. हे नाव त्यांना भावानंच लहानपणी ठेवलं होतं, कारण डब्यातली दोन बिस्किटं कमी झाली तरी ही पोरगी घरभर सगळ्यांचे हात हुंगत फिरायची. पुढे ते नाव गल्लीनं उचललं, मग गिऱ्हाइकांनी उचललं, आणि बाईंनीही कधी मनावर घेतलं नाही. संशय घेणं हा दोष आहे, असं त्यांना मुळात वाटतच नव्हतं. त्यांच्या मते डोळे उघडे ठेवणाऱ्याला लोक संशयी म्हणतात आणि डुलक्या काढणाऱ्याला भोळा.

आता हा स्वभाव काही आकाशातून पडला नव्हता. शाळेत असताना त्यांचे केस म्हणजे नुसतं झुडूप. मागच्या बाकावरच्या मुली त्यात पेन्सिलीचे तुकडे, कागदाचे बोळे खोचून ठेवायच्या. संध्याकाळी आई विंचरायला बसली की एकेक ऐवज बाहेर पडायचा. दिवसभर आपण फळ्यापाशी गेलो, शिकवणाऱ्या बाईंशी बोललो, आणि सगळा वर्ग तोंडावर हात ठेवून हसत होता, हे त्यांना घरी आल्यावर कळायचं. तेव्हापासून पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. पार्लर थाटलं तेव्हा त्यांनी चारही भिंतींना आरसे लावायला सांगितले. सुतार म्हणाला, “बाई, दोन भिंती पुरतात.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला पुरत असतील.”

केस सरळ करायची विद्या त्या शिकल्या ती आधी स्वतःसाठी. मग तीच त्यांची भाकरी झाली. कुरळ्या, राठ, फुगणाऱ्या केसांच्या बायका आत यायच्या आणि पट्टीनं आखल्यासारखे केस घेऊन बाहेर पडायच्या. क्रीम लावलं की नाकात झोंबणारा वास सुटे, डोळ्यांना पाणी येई, घसा खवखवे. मग धुणं, वाळवणं, तापल्या इस्त्रीनं एकेक बट दाबत जाणं. कुणी ‘चुरचुरतंय हो’ म्हणालं की बाई म्हणायच्या, “चुरचुरतंय म्हणजे काम करतंय.” आणि मुळांशी पुन्हा कुरळं दिसायला लागलं की ती बाई आपण होऊन परत हजर. धंद्याची खरी गंमत तिथंच होती.

या सगळ्या जगात बाईंच्या पाठीमागे उभं राहायची मुभा एकाच माणसाला होती, ती म्हणजे वहिनीला. दादा बस चालवायचा, सकाळी गेला की रात्रीच दिसायचा. घरी बसून कंटाळलेली वहिनी एक दिवस झाडू घेऊन खाली आली आणि मग खालीच राहिली. बाईंच्या स्वतःच्या केसांना क्रीम लावायची ती वहिनी, दुपारचं ताट आणायची ती वहिनी, बाईंना ताप आला तर कपाळावर घड्या ठेवायची तीही वहिनीच. बाईंनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, “कुणाकुणावर नजर ठेवू?” पण वहिनीवर नजर ठेवावी असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ती एक गेली तर दुकान चालेल की नाही हा पुढचा प्रश्न, आपण कुणाशी बोलायचं, हा पहिला.

आणि एक गोष्ट. वहिनीचं डोकं ही त्या पार्लरची हमी होती. बाजारात नवीन क्रीम आलं, एजंट नवा डबा घेऊन आला, की बाई गिऱ्हाइकाच्या केसाला ते लागू देत नसत. आधी वहिनीनं खुर्चीत बसायचं. डाव्या कानामागची जागा, तिथं कुणाला दिसत नाही, तिथल्या मुळांना क्रीम लावायचं आणि वाट पाहायची. लाल झालं, फोड आला, तर डबा परत. नाही झालं तर डबा फळीवर. गिऱ्हाइकांना हे माहीत होतं. “आमच्याकडे आधी वहिनीच्या डोक्याला, मग तुमच्या,” असं बाई अभिमानानं सांगायच्या, आणि वहिनी मागे उभी राहून हसायची. दुसरी कुठली पार्लरवाली घरचं माणूस असं पणाला लावते, सांगा!

तर अशी ही वहिनी एक दिवस डोक्याला रुमाल बांधून खाली उतरली.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“सर्दी आहे जरा.”

बाईंनी आरशातून पाहिलं. नाक लाल नव्हतं, आवाज बसला नव्हता, सकाळपासून एक शिंक नव्हती. पण आठवडा गेला, दुसरा गेला, आणि सर्दी काही हलेना. अशी सर्दी जगात फक्त डोक्यालाच होते का, हे एखाद्या डॉक्टरला विचारावं, असं बाईंच्या मनात येऊ लागलं.

मग पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकेक दिसत गेलं. वहिनीनं चहातली साखर सोडली. तळलेलं सोडलं. दुपारी ताटाऐवजी काकडी, उकडलेलं अंडं, भिजवलेले शेंगदाणे असलं काहीबाही चघळत बसू लागली. पूर्वी उठायला दहा हाका लागायच्या, ती आता उजाडायच्या आत कॅनव्हासचे बूट घालून जिना उतरायची. बूट! जिनं सगळ्या जन्मात चपलेखेरीज काही पायात घातलं नव्हतं, तिला या वयात बूट सुचले. आणि बाईंच्या केसांची मुळं कुरळी व्हायला लागली तेव्हा ती म्हणाली, “इतक्यात कशाला ताई? राहू द्या की थोडे दिवस.” पार्लरमधली बाई पार्लरच्या मालकिणीला ‘राहू द्या’ म्हणते, तेव्हा पाणी कुठंतरी मुरत असतं.

वरच्या गॅलरीत एक बरणी ठेवलेली असायची. आत बुळबुळीत, गढूळ, घट्ट असं काही. एकदा वहिनी बाजारात गेली असताना बाई चोरपावलांनी वर गेल्या. हुंगलं, वास नव्हता. बोटावर घेतलं, तार धरत होतं. शेवटी, तपास अर्धा सोडायचा नाही म्हणून, जिभेवर ठेवलं. चव खळीसारखी. एवढ्यात दादा आतून आला. सुट्टीचा दिवस होता, हे बाई विसरल्या होत्या.

“फौजदार, ते डोक्याला लावायचं आहे,” तो म्हणाला. “जवस उकळून केलंय.”

“कशासाठी?”

“मला काय विचारतेस? तिलाच विचार ना,” दादा म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं. त्याची नजर पेपराच्या एकाच ओळीवर खिळली होती, हे बाईंनी टिपलं. म्हणजे दादालाही माहीत आहे. म्हणजे सगळ्या घराला माहीत आहे, आपल्याखेरीज.

खाली तरी काय निराळं होतं? बँकेतल्या मॅडम म्हणजे बाईंचं हक्काचं गिऱ्हाईक, मुळं दिसली की धावत येणारं. त्या आल्या आणि म्हणाल्या, “आज फक्त टोकं कापा.” पलीकडच्या दवाखान्यातली नर्स आली, तीही तेच म्हणाली. आणि बोलताना दोघी आरशातून वहिनीकडे बघत होत्या. नुसतं बघणं नव्हे, भुवई उचलून बघणं. बाईंनी आरसे चार भिंतींना लावले होते ते काय फुकट?

सुतावरून स्वर्ग गाठायला बाईंना फार वेळ लागत नसे. वहिनीनं घरी बनवलेलं काहीतरी लावायचं, गिऱ्हाइकं आतल्या आत फोडायची, आणि एक दिवस समोर स्वतःच्या पार्लरची पाटी लावायची. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे. केसानं गळा कापणं म्हणतात तेही हेच, आणि इथं तर शब्दशः. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. राग होताच, पण त्याखाली जी भीती होती ती रागापेक्षा मोठी होती. ‘जायचं तर जा, पण माझ्याशी बोलून जा’, असं त्या मनात वहिनीला किती वेळा तरी म्हणाल्या. तोंडानं एकदाही म्हणाल्या नाहीत.

त्याऐवजी त्यांनी पाठलाग केला. वहिनी जिना उतरली, बाई दाराआड थांबल्या आणि मग डोक्यावरून ओढणी घेऊन निघाल्या. ओढणी अशी घेतली होती की गल्लीतला दूधवाला लांबूनच म्हणाला, “काय फौजदारबाई, आज लवकर?” बाईंनी त्याला नजरेनं गप्प केलं. बागेत वहिनी भराभरा फेऱ्या मारत होती आणि तिच्या दोन बाजूंना बँकेतल्या मॅडम आणि नर्स! तिघी बोलत होत्या, हसत होत्या. बाई झाडामागे उभ्या राहून बघत होत्या. मग मॅडम घरी गेल्या, आणि नर्स वहिनीला घेऊन मुख्य रस्त्यावर आली. औषधांच्या दुकानाशेजारी एक गाळा रिकामा होता, शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी. दोघी तिथं थांबल्या. नर्सनं वर बोट दाखवलं. वहिनीनं मान डोलावली. मग त्या शेजारच्या जिन्यानं वर गेल्या, बहुतेक मालकाला भेटायला. बाईंना पुढचं बघायची गरज उरली नाही.

दोन दिवसांनी एजंट आला. नवा डबा, नवं झाकण, नवं कौतुक. “हे अगदी सौम्य आहे बाई. लहान मुलाला लावा.” खुर्चीत बँकेतल्या मॅडम बसल्या होत्या, टोकं कापून घ्यायला. बाईंनी कात्री खाली ठेवली, डबा उघडला, ब्रश बुडवला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, “वहिनी, बस.”

वहिनी बसली नाही.

“बस ना.”

“आज नको ताई.”

“सर्दी?”

मॅडम आरशात बघत होत्या, एजंट डब्याचं झाकण फिरवत होता. एवढ्या दिवसांचं साठलेलं एकदम उसळून वर आलं.

“बरोबर आहे. आता माझ्या दुकानासाठी कशाला बसशील? गाळा ठरला का? की मालक भाव खातोय? गिऱ्हाइकं तर तू आधीच नेलीस, या बसल्यात त्यातल्याच एक! एवढी वर्षं एका ताटात जेवलो आपण, आणि मला हे झाडामागे उभं राहून कळावं?”

“कुठला गाळा?” वहिनी म्हणाली. तिचा चेहरा खरंच कोरा होता. मग हळूहळू तिला उलगडलं. “त्या जिन्यावर कातडीचे डॉक्टर बसतात, ताई.”

आणि तिनं रुमाल सोडला.

मुळांपासून बोटभर कुरळे, दाट, काळे केस आणि त्यापुढे जुने सरळ, निस्तेज शेपटे. हे बाईंनी पाहिलं, पण एका नजरेत पाहून सोडून दिलं. कारण डाव्या कानामागून वर, तळहाताएवढ्या जागेत, काहीच नव्हतं. गुळगुळीत, ताणलेली, लालसर कातडी. एकही केस नाही, केसाचं भोकही नाही. एजंटनं डबा पिशवीत घातला आणि ‘येतो’ म्हणायचंही विसरून निघून गेला. मॅडम अर्ध्या कापलेल्या केसांनिशी उठल्या, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याही गेल्या.

“इथं आता केस येणार नाहीत,” वहिनी म्हणाली, जणू गिऱ्हाइकाला समजावत होती. “बाकीचे वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. काही लावायचं नाही, इस्त्री नाही. नीट खायचं, चालायचं, झोपायचं. नर्सनं नेलं मला. मॅडमचेही गळतायत, म्हणून त्यांनीही सोडलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?” बाईंचा आवाज अजून चढलेलाच होता. माणूस चुकीचा ठरला की काही वेळ तरी तसाच ओरडत राहतो. “जगाला सांगितलंस, बँकेला सांगितलंस, दवाखान्याला सांगितलंस. मी कोण तुझी?”

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. आरशातून नाही, वळून.

“मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे.”

“मला? मला कसं माहीत असणार?”

“तुम्ही रस्त्यानं जाणाऱ्या बाईचं डोकं बघून सांगता की हिनं कुणाकडे कापले, कधी रंगवले, काय लावलं. आणि माझं डोकं तर रोज तुमच्या हातात. माझा भांग तुम्हीच बदललात ताई. डावीकडचा उजवीकडे घेतलात आणि केस असे या बाजूला आणलेत. म्हणालात, तोंडाला शोभतो. मी घरी जाऊन बोटांनी चाचपून पाहिलं तेव्हा मला कळलं, की तिथं केस उरले नाहीत. तेव्हापासून मी वाट बघतेय. आज बोलतील, उद्या बोलतील. नवीन डबा आला की वाटायचं, आज नाही बसवणार. तुम्ही बसवायच्यात.”

बाईंना ‘शपथेवर सांगते’ असं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण जन्मभर दुसऱ्यांची झडती घेतलेल्या माणसाला स्वतःची झडती घ्यायला फार वेळ लागत नाही, फक्त ती घ्यायचं मनात यावं लागतं. तो दिवस त्यांना आठवला. दाराशी कुणाच्या तरी लग्नघरातल्या सात-आठ बायका तयार व्हायला थांबल्या होत्या. कंगवा डाव्या बाजूला नेला तेव्हा तो नेहमीसारखा अडकला नाही, घसरला. खाली फिकट कातडी दिसली. त्यांनी कंगवा उचलला आणि भांग दुसरीकडे पाडला. त्या क्षणी त्यांनी कसला विचार केला होता? काहीच नाही. विचार करायला लागू नये म्हणूनच हात एवढ्या घाईनं चालला होता. सगळ्या गावावर नजर ठेवणारी बाई, आणि दिव्याखाली हा अंधार.

“पाहिलं होतं मी,” त्या म्हणाल्या.

वहिनीनं रुमाल उचलला, घडी केली, आणि जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दादा कामावर जाताना दारातून डोकावला आणि “बोलू नकोस तिच्याशी इतक्यात,” एवढंच सांगून गेला. एरवी फौजदार म्हणायचा, तेही त्यानं म्हटलं नाही. बाईंनी फळीवरचे डबे काढले आणि मागच्या बाजूला फेकून दिले. इस्त्र्यांच्या वायरी गुंडाळून ठेवल्या. कुणी बाई आली आणि “माझी मुळं आलीत हो,” म्हणाली की त्या सांगायच्या, “केस सरळ करणं बंद केलंय. कापून देईन, धुऊन देईन.”

“का हो?”

“वहिनीचं डोकं मी जाळलंय. दिसत असून जाळलंय.”

काही बायकांना वाटलं बाईंना वेड लागलं. काहींनी उठून दुसरं पार्लर गाठलं. काही मात्र खुर्चीतच बसून राहिल्या आणि हळूच आपल्या कानामागे बोट फिरवून पाहू लागल्या. बाई सगळ्यांना तेच सांगायच्या, त्याच शब्दांत, आवाज न चढवता. वर वहिनी आहे आणि गॅलरीचं दार उघडं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. वहिनी खाली आली. डोकं उघडं. जुने सरळ शेपटे तिनं कापून टाकले होते, त्यामुळे कुरळे केस आता सगळे आखूड होते आणि ती डाव्या बाजूची जागा कुणालाही दिसेल अशी उघडी होती. खुर्चीत एक मुलगी केस धुऊन बसली होती. वहिनीनं तिच्याकडे लक्षही दिलं नाही.

“माझ्या डोक्याची दवंडी पिटायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“मला रस्त्यात बायका थांबवतात. बघू म्हणतात. हे काय प्रदर्शन आहे?” तिनं स्वतःच्या कानामागे बोट दाखवलं. “आणि खरं सांगा ताई, हे तुम्ही मला वाईट वाटलं म्हणून सांगताय, की खरं बोलणारी पार्लरवाली म्हणून नाव व्हावं यासाठी? आधी माझ्या डोक्यावर सरळ केसांचा धंदा केलात. आता माझ्याच डोक्यावर कुरळ्यांचा करायचाय?”

असा संशय बाईंच्याही डोक्यात कधी आला नसता, आणि त्यांना तर या विषयातलं सगळं येत होतं. ‘अगं, असं कसं बोलतेस’ म्हणावं, असं आलं मनात. रडावं, असंही आलं. पण संशय घेणाऱ्याला शपथांनी काही पटत नाही, रडण्यानं तर मुळीच नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“वाईट वाटलं म्हणून, असं मला वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या वाटण्यावर तू कशाला विश्वास ठेवतेस? आजपासून सांगणार नाही कुणाला. तू म्हणशील तसं.”

“विश्वास ठेवावा की नाही, मला कळत नाही अजून.”

“बरोबर आहे.”

“कधी कळेल तेही माहीत नाही.”

“चालेल.”

वहिनीनं खुंटीवरचा एप्रन काढला, कमरेला बांधला आणि खाली पडलेले केस झाडायला घेतले. बाईंनी मुलीच्या ओल्या केसांत कंगवा घातला. केस कुरळे होते, गुंता मोठा होता. टोकापासून सोडवत सोडवत वर जायला लागतं, तसं त्या करू लागल्या. समोरच्या आरशात त्यांना दिसलं, की वहिनीचा झाडू थांबलाय आणि ती पाठीमागून त्यांच्या हातांकडे बघतेय. पूर्वी कुणी असं बघितलं असतं तर बाईंनी गर्रकन वळून ‘काय?’ म्हणून विचारलं असतं. त्या वळल्या नाहीत. वहिनीला कंगवा नीट दिसावा म्हणून त्यांनी खुर्ची जराशी तिच्या बाजूला फिरवली आणि पुढचा गुंता हातात घेतला.